फडताळातील पेला
(शिर्डी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शिक्षक. तेव्हा तत्त्वज्ञान न सांगता वर्गातील एक अनुभवच आपणांपुढे ठेवतो.

२०११ साली निघालेली ‘भीमायन’ ही इंग्रजी चित्रकादंबरी मी सातवीच्या वर्गात नेली. तिची चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. त्यांत सौम्य बोल पक्ष्याच्या आकृतीत, तर विखारी बोल विंचवाच्या नांगीसह रेखाटले आहेत. प्रती थोड्या, म्हणून मी पाच-पाच मुलांचे गट केले. एकाने वाचावे, दुसऱ्याने मराठीत अर्थ सांगावा, तिसऱ्याने चित्रांतील खुणा शोधाव्यात, चौथ्याने टिपण करावे, पाचव्याने वर्गापुढे बोलावे. कामे रोज बदलत.

पुढे १९०१ सालचा प्रसंग आला. मसूर स्थानकावर उतरलेल्या बाल भीमरावांकडून गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले, तरी बैल मुलांनाच हाकावे लागले. वाटेत पाणीही मिळेना. नांगी कोणकोणाच्या शब्दांना, यावर गटांत वाद रंगला. तोच आपल्याच समाजातील एक मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, आमच्या घरीही गड्यासाठी निराळा पेला आहे.”

वर्ग स्तब्ध झाला. अस्पृश्यतेवर मी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली; असे उत्तर कधी आले नव्हते. सोबत्यांशी बोलता बोलताच ते तिच्या ओठांवर आले.

मंडळाने बक्षिसाची पुस्तके निवडताना या पुस्तकाचा विचार करावा. आणि घरी परतल्यावर प्रत्येकाने आपले फडताळ एकवार उघडून पाहावे, एवढीच नम्र विनंती.