नळाला पाणी सुटायच्या वेळी



सकाळपासून तिघींनी विचारलं, “नगरसेविका झालीस, म्हणजे नेमकं करतेस काय गं?” सांगते. ईट सोडून सासरी गेले, ते नगरपरिषदेचं गाव. 2011 पासून राज्यात महिलांना निम्म्या जागा, म्हणून उभी राहिले. लोकांना वाटतं, पैसा आमच्या हातात. ठराव सभेत होतो, मुख्याधिकारी तो अंमलात आणतात. आम्ही पाठपुरावा करायचा. गटार, दिवा, मयतीचा दाखला, घरकुलाचा हप्ता. सुरुवातीला फोनवर “साहेब आहेत का?” विचारायचे. (आमचे हे मुकाट्यानं फोन माझ्याकडं द्यायचे.)

वॉर्डातल्या शेवटच्या 14 घरांना पाणी पोचत नव्हतं. वरच्या आळीनं नळाला थेट मोटारी लावलेल्या. तिथंच माझी मतं, तिथंच भावकी. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या मामांबरोबर 8 दिवस पहाटे दारोदार फिरले, मोटारी काढायला लावल्या. चुलतदिरांनी बोलणं टाकलंय, येत्या निवडणुकीत ते समोरच्या पॅनलला आहेत. त्या 14 घरांत मात्र हंडे भरतायत.

कुणाचं काम अडलं तर जरूर फोन करा. फक्त पहाटे साडेपाच ते सात नको, तेव्हा मी व्हॉल्व्हपाशी असते.