गाडीतळ आणि वाहनतळ



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी वाहनतळ हा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पण माझा प्रवेश या विषयात शब्दाच्याच वाटेने झाला. 'वाहनतळ' हा शब्द नवा असला तरी 'तळ' जुना आहे. पुण्याजवळच्या हडपसरात आजही 'गाडीतळ' नावाचा थांबा आहे. तळ म्हणजे मुक्काम. बैलाला पाणी हवे, वैरण हवी, सावली हवी. म्हणून बैलगाड्यांचा तळ वस्तीच्या कडेला पडे आणि माणसे बाजारात पायी जात. मोटारीला यांतले काहीच नको. तिला फक्त दुकानाचा उंबरठा हवा. म्हणजे जिथे घरे सर्वांत जुनी आणि जमीन सर्वांत महाग, नेमकी तिथेच जागा हवी. सीताबर्डीला खरेदीला जाणाऱ्या आपल्या तिरोडीकरांना हे वेगळे सांगायला नको.

ही जागा मिळवायची कशी? महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात एखाद्याच्या जागेवर 'वाहनतळ' असे आरक्षण टाकता येते. पुढे कलम १२६ प्रमाणे ती जागा सहमतीने पैसे देऊन, चटईक्षेत्राच्या वा विकासहक्काच्या रूपाने मोबदला देऊन, किंवा सक्तीच्या भूसंपादनाने घेतात. कागदावर हे दूरदृष्टीचेच आहे. उद्याची गरज आज ओळखली तर जागा स्वस्तात मिळते, हेही खरे. पण आराखडा रंगविण्यास शाई लागते आणि संपादनास पैसा. शाई नेहमीच अगोदर मिळते. मधल्या काळात मालकाला मनाजोगे बांधता येत नाही, योग्य किमतीस विकता येत नाही. डागडुजीवर खर्च करण्याचे मन होत नाही, आणि वाडा हळूहळू ढासळतो. यावर कलम १२७ चा उतारा आहे. दहा वर्षांत संपादन झाले नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठराविक मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण संपते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, ती पुढे वाढविण्यात आली. दहा वर्षे म्हणजे एका मुलीचे शिक्षण आणि लग्न! घर विकून हे दोन्ही करू पाहणाऱ्या बापाचा विचार आराखड्याच्या कोणत्या रंगात दिसतो?

पुण्याच्या मंडईचे उदाहरण मला फार बोलके वाटते. १८८६ साली उभी राहिलेली ही इमारत आधी रे मार्केट म्हणून ओळखली जाई. तिच्यावरील खर्चाला नगरपालिकेत विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे वळवा म्हणणाऱ्या जोतीराव फुल्यांचेच नाव आज तिला आहे. तिच्याशेजारी १९१५ मध्ये गंगाधरपंत पाठकांनी 'आर्यन' हे पुण्यातले पहिले चित्रपटगृह काढले. जागा भाडेपट्ट्याची होती. पट्टा संपल्यावर १९८३ मध्ये आर्यन बंद झाले, आणि तिथे महापालिकेचा वाहनतळ आला. चित्रपटगृह गेल्याची हळहळ मलाही वाटते. तरीही मालकी सार्वजनिकच असल्यामुळे कुणाचे पिढीजात घर हिरावून न घेता गावाला जागा मिळाली, हे नोंदलेच पाहिजे.

मुंबईने दुसरा मार्ग धरला. २००८ पासून सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या जमीनमालकास जादा चटईक्षेत्र देण्याचे धोरण आले. यात तिजोरीतून जमिनीची किंमत जात नाही. पण वाहनतळ गर्दी असेल तिथे न होता, ज्याच्याकडे मोठा भूखंड असेल तिथे होण्याचा धोका राहतो. शिवाय जुलै २०१९ मध्ये अशा वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना हजारो रुपयांच्या दंडाची तंबी द्यावी लागली. रस्ता फुकट असेपर्यंत विकत घेतलेली जागाही ओस पडू शकते! जपानने १९६२ मध्येच कायदा करून गाडी ठेवण्याची जागा दाखविण्याचे ओझे गाडी घेणाऱ्यावर टाकले. आपण ते शेजाऱ्याच्या वाड्यावर टाकतो.

एक हिशेब सांगतो. आपल्याकडील नियोजनाच्या प्रचलित मानकांत एका मोटारीसाठी उघड्यावर २३ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरतात. २०१५ च्या शहरी आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत होते.

खाणीच्या गावाला जमीन 'घेतली जाणे' म्हणजे काय, हे मी शिकवायचे नाही. आपल्या मध्य प्रदेशात नगर व ग्राम निवेशाचा कायदा १९७३ चा आहे, आणि केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदल्यात शंभर टक्के दिलासा रक्कम जोडली आहे. ठराविक काळ तिथे पोट भरणाऱ्या भाडेकरूलाही त्याने बाधितांत धरले आहे. तेव्हा बाजाराच्या कडेची जी मोकळी सरकारी जागा आज आहे, ती कायमची देऊन टाकू नये. द्यायचीच तर मुदतीच्या पट्ट्याने द्यावी. आणि आपल्या भागाचा आराखडा हरकतींसाठी मांडला जाईल, तेव्हा इथल्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघातिघांनी तरी तो नकाशा प्रत्यक्ष जाऊन पाहावा, आपल्या व शेजाऱ्याच्या खसरा क्रमांकावर कोणता रंग आहे ते वाचावे, आणि मुदतीत हरकत लेखी द्यावी.