आपल्या वडीलधाऱ्यांचे वय कोण लिहिणार?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या भाषणावरून)



आज वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडला होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याला स्वतः आंघोळ घातली, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. ऐकून घरी जातो. शेजारच्या आजीचा श्रावणबाळचा अर्ज का परत आला, हे मात्र विचारत नाही.

श्रावणबाळ योजनेला वय ६५ पूर्ण पाहिजे, महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य पाहिजे, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. अनुदान २०२३ साली महिना १,००० वरून १,५०० रुपये झाले. आता २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये झाले. बिगारी कामाला जाणारा एक मुलगा घरात असला तरी एवढे होतातच! ही अट ज्यांनी घातली त्यांनी बाजारात जाऊन भाजी घ्यावी, असे आम्हाला वाटते.

पण उत्पन्नाच्या आधी वयातच गाडी अडते. आपल्या आया शाळेत गेल्या नाहीत, त्यांच्या जन्माची नोंद कुणी केली नाही. वय विचारले की त्या सांगतात, "बाबासाहेबांनी दीक्षा दिली तवा मी आईच्या कडेवर होते." १९५६ साली जी कडेवर होती ती आज सत्तरीच्या पुढे आहे, हिशेब सरळ आहे. दुसरी सांगते, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते, पदरात दोन लेकरं होती." तिचेही वय निघते. पण आधार कार्ड काढताना समोरच्या पोराने अंदाजाने साल टाकले आणि तारीख लावली १ जानेवारी. बाई खरी बहात्तर वर्षांची, कागदावर साठची!

हे आता जास्त महत्त्वाचे झाले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात. तिथे वय धरतात ते आधारवरचेच. आणि आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. म्हणून घाईने कुठल्याही दुकानात जाऊन ती बदलू नका, आधी पुरावा हातात घ्या.

श्रावणबाळला जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळेचा दाखला नसला तरी शिधापत्रिकेतले किंवा मतदार यादीतले वय चालते. तेही चुकीचे असेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. ही गोष्ट खिडकीवर आपणहून कुणी सांगत नाही. "कागद आणा" एवढेच ऐकून म्हातारी माणसे माघारी येतात.

काहींना लाज वाटते, सरकारपुढे हात काय पसरायचा म्हणून. अहो, वृद्धापकाळी सहाय्य मिळावे हे संविधानाच्या कलम ४१ मध्येच लिहिलेले आहे. ती भीक कशी होईल?

आणि ज्या मुलांना मिळकत आहे पण आई-बापाचे ताट जड होते, त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सिगालोवाद सुत्त ऐकणाऱ्या घरांतून असे अर्ज जाऊ नयेत, पण वेळ आली तर आम्ही आईच्या बाजूने उभे राहू.

विहार समितीने ठरवले आहे की दर रविवारी वंदनेनंतर दोन शिकलेली मुले वही घेऊन बसतील. आजी-आजोबांना घेऊन या. शिधापत्रिका, आधार, मतदार कार्ड, बँकेचे पुस्तक, जे असेल ते आणा. ज्यांचे अनुदान चालू आहे त्यांनी वर्षाचा हयातीचा दाखला दिला की नाही तेही सांगावे. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी मुले येतील, फक्त पत्ता लिहून द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!