हौशी वैमानिकाचा परवाना

पनवेलशेजारच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. घरोघरी चर्चा झाली ती नोकऱ्यांची आणि जमिनीच्या भावाची. स्वतः विमान चालविण्याची क्वचितच. वास्तविक १६ वर्षांच्या, दहावी उत्तीर्ण मुलामुलींना वैद्यकीय तपासणी आणि हवाई नियम, हवामान आदी विषयांच्या परीक्षेनंतर विद्यार्थी परवाना मिळतो. पुढच्या खासगी परवान्यास वयाची १७ वर्षे व किमान ४० तासांचे उड्डाण हवे. मोबदला घेऊन उडता येत नाही, आणि खर्च मोठा, हे खरेच. शिक्षणासाठीही धुळ्यासारखे ठिकाण गाठावे लागते. जे.आर.डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळविला तो हौसेपोटीच. टपाल घेऊन ते कराचीहून जुहूला उतरले ते १९३२ साली.