राजीखुशीचा अंगठा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला गोड बोलावे अशी रीत आहे. मी आज जरा कडू बोलणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. विषय जमिनीचा आहे. आपण कोल्हापुरात राहतो; पण आपल्यापैकी किती जणींचे माहेर किंवा सासर खेड्यात आहे, हे मोजायला बोटे पुरणार नाहीत. घरात येणारा तांदूळ, गूळ, शेंगा कुठल्या तरी बांधाआडून येतात. त्या बांधावर काय घडते, ते आपल्याला ठाऊक असते. आपण फक्त बोलत नाही.

माझी एक आत्ती होती. तरुणपणीच विधवा झाली. तिच्या वाट्याला दोन एकर रान आले. शेजारचा बांध दरसाल नांगराच्या एकेका तासाने तिच्या रानात सरकू लागला. तिने विचारले, तेव्हा एका रात्री उभ्या जोंधळ्यात गुरे सुटली. मग कौलांवर धोंडे पडू लागले. कुणी पाहिले नाही, कुणी ऐकले नाही. आणि मग एक दिवस भाऊबंदांपैकी एक जण अगदी मऊ आवाजात म्हणाला, “वहिनी, तुम्हांला एकटीला हे झेपायचं नाही. लिहून द्या, सुखानं राहा.”

मी तेव्हा चौथीत होते. आत्तीला वाचता येत नव्हते, म्हणून तिने तो कागद मला वाचायला दिला. मी मोठ्या ऐटीत, शाळेत वाचतात तसा, खडा आवाज लावून वाचला: “मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...” आत्ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत तिने अंगठा उठवला. माझे वडील कर्ते पुरुष होते. तेही एवढेच म्हणाले, “आपण कशाला मधे पडायचं?” ते वाक्य आमच्या घरात बोलले गेले, हे सांगायला मला आजही जड जाते.

तो ‘राजीखुशी’ शब्द माझ्या मनातून गेला नाही. पुढे वाचू लागले तेव्हा कळले, की आत्तीची गोष्ट एकटीची नव्हती. रानावरून माणसाला उठवायचे, तर आधी त्याच्या मनात भय घालावे लागते. काठी पुष्कळदा नुसती दाखवण्यापुरती असते. खरे काम कागद करतो.

ठाणे जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडचे वारली घ्या. (तो मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) जमीन त्यांची होती, ती कर्जापोटी जमीनदार-सावकारांकडे गेली आणि मालक होते तेच वेठीला लागले. लग्नासाठी चार पैसे उचलणारा तरुण ‘लग्नगडी’ होई, आणि त्याच्याबरोबर नवी नवरीही मालकाच्या घरी राबे. नकार दिला, तर झाडाला बांधून मार. आपल्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली वेठ बंद केली. तिकडे मात्र ती १९४५ पर्यंत उघड चालू होती. त्यांच्यात पुण्याच्या गोदावरी परुळेकर गेल्या. कायद्याची पदवी घेतलेली, पांढरपेशा घरातली बाई. ती झोपड्यांतून राहिली, त्यांची भाकर खाल्ली. मे १९४५ मध्ये झरी गावी मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही, असे ठरले. गोदावरीबाईंनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. पुस्तक १९७० साली निघाले. आपल्या वाचनालयात मागून घ्यावे.

भगिनींनो, मारून वेठ चालेना तेव्हा काय झाले? अफवा उठली. गोदावरीबाईंवर हल्ला होणार आहे, तलवाड्याला या, असा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला. आपल्या बाईला राखायला म्हणून लोक हाती काठ्या घेऊन हजारोंनी जमले. आणि पोलिसांना सांगण्यात आले, की वारली दंगा करायला जमले आहेत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास गोळीबार झाला. पाच वारली मेले. बाई मुळी तिथे नव्हत्याच. नंतर त्यांनाच जिल्ह्यातून हद्दपार केले गेले! पण वारली पुन्हा वेठीला गेले नाहीत. एकदा सगळ्यांनी मिळून भय टाकले, की ते एकेकट्याच्या गळ्यात पुन्हा घालणे सोपे नसते.

स्वातंत्र्य आल्यावर १९४८ साली कुळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवसापासून कसणारे कूळ मालक व्हायचे. तोवर काय झाले? गावोगाव कुळांनी जमिनीचे राजीनामे लिहून दिले, आणि तेही ‘खुशीने’! पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील दांडेकर आणि खुदनपूर यांनी या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली, ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. या खुशीच्या राजीनाम्यांत खुशी किती आणि दडपण किती, हा प्रश्न त्यांनी पुराव्यानिशी मांडला. त्या अहवालाबद्दल वाचले तेव्हा मला आत्तीचा अंगठा दिसला.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी २००६ सालची आहे. एका दलित कुटुंबाचा शेतातल्या वाटेवरून गावातील लोकांशी जुना तंटा होता. त्या घरच्या आईने मारहाणीच्या एका प्रकरणात पोलिसांपुढे साक्ष दिली होती. ज्यांच्याविरुद्ध ती बोलली, ते जामिनावर सुटले. आणि २९ सप्टेंबरला ती, तिची मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने घरातून ओढून ठार केले. पुढे आठ जणांना शिक्षा झाल्या. पण त्या संध्याकाळी गावातले एक दारही त्यांच्यासाठी उघडले नाही. मी हे भिववायला सांगत नाही. एकट्या बाईने खरे बोलावे आणि बाकीच्यांनी दार लावून घ्यावे, याची किंमत काय होते, ते विसरू नये म्हणून सांगते.

आता आपल्या घराकडे येते. आपल्याकडे कोणी काठी घेऊन येत नाही. रक्षाबंधन झाले, की हक्कसोडपत्र येते. “बहिणीनं वाटा मागितला तर माहेर तुटतं,” असे हसत हसत सांगतात. हेही भयच आहे; साखरेत घोळलेले. कायदा सांगतो, की वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली तसा कायदा केला. त्यासाठी बाप २००५ मध्ये हयात असायला हवा अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. भावाला प्रेमाने वाटा द्यायचा असेल, तर जरूर द्यावा; मीही आड येणार नाही. पण द्यावा तो समजून. माहेर तुटेल या धाकाने दिला, तर त्या कागदावरची राजीखुशी आत्तीच्या राजीखुशीसारखीच.

म्हणून मंडळापुढे चार साध्या गोष्टी ठेवते. प्रत्येकीने आपल्या रानाचा सातबारा वर्षातून एकदा पाहावा. आता तो मोबाईलवरही दिसतो. फेरफाराची नोटीस आली, तर ती फडताळात ठेवू नये. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. न वाचलेल्या कागदावर सही नाही, आणि वाचलेल्यावरही त्याच दिवशी नाही. एक रात्र जाऊ द्यावी. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्यापैकी कोणा बहिणीला, किंवा आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला, जमिनीच्या कामासाठी चावडीत, कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात जायचे असेल, तर मंडळाच्या दोघी तिच्याबरोबर जातील. बोलायला येत नसले तरी चालेल. शेजारी बसायचे, एवढेच. धाक घालणाऱ्याला साक्षीदार आवडत नाहीत.

आत्ती पुढे दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जात असे. कधी कधी तिच्याच त्या दोन एकरांत. मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारले, “आत्ती, त्या दिवशी कुणी काय केलं असतं, म्हणजे तू अंगठा दिला नसतास?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काय करायचं व्हतं गं? नुसतं माझ्यासंगं कुणी आलं असतं, तरी झालं असतं.”

भगिनींनो, आपण हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जातो. तशाच कचेरीतही जाऊ या.