पाटण्याचे तीन चितारी



कलकत्त्यास १७७७ ते १७८२ या काळात सिद्ध झालेला एक चित्रसंग्रह 'इम्पे आल्बम' या नावाने ओळखला जातो. सर एलिजा इम्पे हे तेथील सुप्रीम कोर्टाचे पहिले सरन्यायाधीश. १७७५ साली महाराजा नंदकुमार ज्या खटल्यात फासावर गेला, तो त्यांच्याच अध्यक्षतेखाली चालला. त्यांच्या पत्नी मेरी यांना पशुपक्षी पाळण्याचा मोठा नाद. या प्राण्यांची चित्रे काढण्यास बाईंनी पाटण्याचे तीन चितारी नेमले : शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास. तिघांनी मिळून तीनशेंवर चित्रे काढली; त्यांत निम्म्याहून अधिक पक्ष्यांची.

अकबराच्या चित्रशाळेत एकाच पानावर अनेक हात चालत. एकाने आखणी करावी, दुसऱ्याने रंग भरावा, चेहरे तिसऱ्याने. त्याच परंपरेतून आलेल्या या तिघांचे सहकार्य मात्र निराळे होते. पान एकेकाचे, वळण तिघांचे. विलायती कागद, पाण्यात कालवलेले पातळ रंग आणि भोवती कोरी पांढरी जागा. वेलबुट्टीचे हाशिये गेले, सोनेरी वर्ख गेला. राहिली ती केसासारखी बारीक रेघ. झैनुद्दीनाने बोरीच्या फांदीवर भांगपाडी मैना बसवली आहे आणि त्याच फांदीवर रेशमी पतंग, अळी व कोशही दाखवले आहेत. भवानीदासाच्या नावाशी जोडलेल्या वडवाघळाचा एक पंख पसरलेला, दुसरा मिटलेला. असले ओंगळ म्हणून हिणवले जाणारे जनावर, पण काय ऐटीत उभे केले आहे! केवळ शास्त्राच्या सोयीसाठी काढलेले चित्र असे उतरत नाही, असे आमचे मत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. या पानांच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ आढळते. संग्रह लेडी इम्पेंचा, हे त्यात आधी. चित्र काढणारा अमुक, राहणार पाटणा, हे मागाहून. फारसीतही चिताऱ्याचे नाव आहे. मालकिणीचे नाव पहिले, हे त्या काळास धरूनच झाले. पण दुसरे नाव लिहिले गेले, हे लहानसहान नव्हे. आपल्या पुण्यातील पेशव्यांचा गेंडा ज्याने १७९० साली चितारला, तो गंगाराम तांबट आज किती पुणेकरांस ठाऊक आहे? कागदावर नाव राहिले, म्हणून निदान शोधणाऱ्यास तो सापडतो.

इम्पे १७८३ साली मायदेशी परतले आणि १८१० साली लंडनमध्ये संग्रहाचा लिलाव झाला. पाने पांगली. एकत्र बसून काम केलेले तिघे निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत जाऊन पडले. हिमालयातल्या मोनाल पक्ष्यास लॅथम या पक्षिशास्त्रज्ञाने १७९० साली बाईंचे नाव दिले. त्याच्या शास्त्रीय नावात ते अजून आहे. चिताऱ्यांपैकी कोणाच्या नावाचा पक्षी आमच्या पाहण्यात नाही. २०१९ च्या डिसेंबरात लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये कंपनीकाळातील हिंदी चित्रकारांचे प्रदर्शन भरले. तेथे ही चित्रे लावली, तेव्हा झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास ही नावे चित्रकार म्हणून ठळकपणे मांडली गेली. लिलावाला तोवर दोनशे नऊ वर्षे झाली होती.