एरिख केस्टनर : मुलांचा सत्यनिष्ठ स्नेही



ज्ञातीच्या मेळाव्यात आम्ही एका परदेशीय लेखकाचे चरित्र सांगावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु १९६८ च्या ‘दो कलियाँ’ या हिंदी चित्रपटातील जुळ्या बहिणी ज्यांनी पाहिल्या, त्यांस या लेखकाचा परिचय नकळत घडलेलाच आहे. त्या कथेचे मूळ एरिख केस्टनर यांच्या १९४९ च्या जर्मन बालकादंबरीत आहे. तिच्यावरील जर्मन बोलपटाची पटकथाही त्यांचीच होती.

केस्टनर यांचा जन्म १८९९ साली ड्रेस्डेन येथे झाला. वडील चामड्याचे काम करणारे कारागीर. मातेने पस्तिशीच्या सुमारास केशभूषेची विद्या शिकून मुलाच्या शिक्षणास हातभार लावला. १९२५ साली पुत्राने डॉक्टरेट मिळवून त्या कष्टांचे सार्थक केले.

१९२९ साली त्यांची ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एमिलची आईही केशभूषेवरच निर्वाह करते. तिने दिलेले १४० मार्क आगगाडीत चोरीस जातात. बर्लिनची मुले एकजुटीने चोरास गाठतात, आणि नोटांना पडलेली टाचणीची छिद्रेच पुरावा ठरतात. मुलांच्या विवेकावर एवढा विश्वास टाकणारे लेखक विरळाच!

१० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी ग्रंथांची होळी केली. तीत केस्टनर यांचीही पुस्तके होती, आणि ते स्वतः त्या गर्दीत उभे राहून ती जळताना पाहत होते. तरीही त्यांनी देश सोडला नाही. मातेची ओढ होती, आणि घडेल त्याचे साक्षी व्हावे ही इच्छाही होती. पुढे लेखनबंदी आली. अशा काळात ‘म्युन्शहाउझेन’ या १९४३ च्या भव्य चित्रपटाची पटकथा त्यांनी टोपणनावाने लिहिली. ग्रंथ जाळणाऱ्या राजवटीच्याच चित्रपटास लेखणी द्यावी काय? कोणी यास आपद्धर्म म्हणतील, कोणी तडजोड. आमच्या मते दोन्ही शब्द खरे आहेत, आणि थोरांचे चरित्र सांगताना यांपैकी एकही वगळू नये.

१९६० साली त्यांस हान्स क्रिश्चियन अँडरसन पारितोषिक मिळाले. १९७४ साली म्युनिक येथे त्यांचे देहावसान झाले.

आमची पालकांस एवढीच विनंती आहे : मुलांच्या हाती उपदेशाची पुस्तके खुशाल द्यावीत, परंतु जी पुस्तके त्यांस स्वतः विचार करावयास लावतात, ती आधी द्यावीत.